गळक्या छताखाली भिजलेली २२ पोती: शासनाचा तांदूळ, ठेकेदाराचा ताबा

प्रश्न थोडक्यात: नागपूर शहरात आमच्या महिला बचत गटाकडे शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय स्वयंपाकगृहाचं काम आहे. मुलं १,२००, त्यांपैकी ८०० पहिली ते पाचवीची, ४०० सहावी ते आठवीची. तांदूळ, ३०० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोठी पातेली शासनाने दिलेली. कोठीची खोलीही शासकीय इमारतीतली. मागच्या आठवड्याच्या पावसात छत गळलं आणि ६० पैकी २२ पोती ओली निघाली. त्यांतली ७ गाडीतून उतरतानाच ओलसर होती, पण घाईत पोचपावतीवर ‘माल बरोबर’ लिहून सही झाली. काटा बंद पडलाय, तीन पातेली सापडत नाहीत. आता सगळ्याची वसुली का करू नये म्हणून नोटीस आली, सात दिवसांत खुलासा मागितलाय. भिजलेली पोती तशीच पडून आहेत. काय करावं?

उत्तर:

ताई, नोटिशीने चार वेगळ्या बाबी एकाच गाठोड्यात बांधल्यात: छताखाली भिजलेली १५ पोती, गाडीतून ओली आलेली ७, काटा आणि पातेली. खुलासा देताना त्या सोडवून चार परिच्छेदांत मांडा. एकत्र उत्तर दिलंत तर पातेल्यांचा कच्चा दुवा तांदळाच्या बऱ्यापैकी पक्क्या बाजूलाही खाली ओढेल.

तांदूळ शासनाचा आणि ताबा तुमचा, या नात्याला भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये निक्षेप म्हणतात (कलम १४८). कलम १५१ सांगतं की शहाणा माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी परक्याच्या मालाची घ्यायची. तेवढी घेतली असेल तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी येत नाही. पण काळजी घेतली होती हे दाखवायचं ओझं ताबा असणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. शिवाय १५२ मध्ये ‘विशेष करार नसेल तर’ अशी पाचर आहे. म्हणून करारनामा काढा आणि साठवणुकीच्या अटीत ‘कोणत्याही कारणाने होणारे नुकसान’ असे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर लढाई अवघड. नुसतं ‘निष्काळजीपणामुळे होणारे नुकसान’ असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

आधी तांदूळ, खुलासा नंतर

नोटिशीला सात दिवस आहेत, ओल्या तांदळाला नाहीत. पावसाळ्यातल्या हवेत २० टक्के ओलाव्याचा तांदूळ एक-दोन दिवसांत तापायला लागतो. पोत्यात हात घातला की ऊब लागते, आणि पाठोपाठ बुरशी येते. नुकसान आणखी वाढू दिलं तर तो वाढीव भाग तुमच्या खाती. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात हेच आहे: नुकसान टाळायची साधनं हाताशी होती का, हेही भरपाई ठरवताना बघितलं जातं.

पण पोती हलवण्याआधी पंचनामा हवा. आजच नोटीस पाठवणाऱ्या कार्यालयाला ई-मेल आणि हातपोच पत्र द्या: ‘उद्या सकाळी ११ वाजता संयुक्त पंचनामा करीत आहोत, प्रतिनिधी पाठवावा, विलंबाने धान्य आणखी खराब होण्याचा संभव असल्याने प्रतिनिधी न आल्यास दोन पंचांसमक्ष पंचनामा करून धान्य वाळविण्यास घेऊ.’ जावक क्रमांक टाका, पोच घ्या. कोणी नाही आलं तर जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि तुमच्या गटाशी संबंध नसलेली आणखी एक व्यक्ती पंच म्हणून बसवा. सगळं चित्रित करा. सुरुवात छताच्या गळक्या जागेपासून करा आणि कॅमेरा न थांबवता खाली थप्पीपर्यंत आणा. तुकड्या-तुकड्यांतले फोटो कोणीही कुठलेही म्हणू शकतो.

पोत्यांना क्रमांक द्या. ओल्या तागावर मार्कर उमटत नाही, सुतळीने प्लास्टिकचे बिल्ले बांधा. मग पोतंनिहाय तक्ता: क्रमांक, शिलाई शाबूत का, एकूण वजन, ओलावा, वास, रंग, गोळे, ओल कुठल्या बाजूने. ओलावामापक तुमच्याकडे नसेल तर कळमना बाजारातल्या एखाद्या अडत्याकडे किंवा राइस मिलकडे मिळेल. प्रत्येक पोत्यात परखी (नमुना काढायची पोकळ सळई) वरून, मधून आणि तळाशी अशी तीनदा घाला, कारण ओल सगळीकडे सारखी नसते. नमुने अर्धा-अर्धा किलोचे तीन: एक कार्यालयाला, एक तुमच्याकडे, एक प्रयोगशाळेसाठी. लाखेने किंवा सह्यांच्या पट्टीने बंद करा.

इथे वजन फसवतं, म्हणून हिशेब नीट समजून घ्या. १४ टक्के ओलाव्याच्या ५० किलो तांदळात कोरडा पदार्थ ४३ किलो. पाणी पिऊन ओलावा २० टक्क्यांवर गेला की तोच तांदूळ ५३.७५ किलो भरतो. उलट, काट्यावर बरोबर ५० किलो भरलेल्या, पण २० टक्के ओलाव्याच्या पोत्यात कोरडा पदार्थ फक्त ४० किलो, म्हणजे १४ टक्क्यांच्या मापात ४६.५ किलो. साडेतीन किलो तांदूळ तिथेच कमी आणि काट्यावर पोतं ‘बरोबर’. गाडीतून ओलं पोतं वजनावर घेणं म्हणूनच घातक. मे महिन्यात उलटा प्रकार होतो: नागपूरच्या उन्हाळ्यात साठा १४ वरून साडेबारा टक्क्यांवर उतरला तर पोत्यामागे सुमारे ८६० ग्रॅम नुसती हवा घेऊन जाते. ती चोरी नाही, पण ओलाव्याची नोंद नसेल तर कागदावर ती चोरीसारखीच दिसते.

पंचनामा झाला की तीन ढीग करा. पहिल्यात फक्त बारदाना ओला, आत तांदूळ कोरडा: तो लगेच कोरड्या पोत्यात भरा. दुसऱ्यात ओला झालेला, पण वास-रंग न बदललेला: तो स्वच्छ ताडपत्रीवर दोन इंचांच्या थरात पसरा आणि तासा-दोन तासांनी उलथवा. कडक उन्हात थेट टाकू नका, दाण्याला चिरा जातात आणि शिजताना कणी होते. आणि एक ध्यानात ठेवा, पावसाळी दमट हवेत नुसत्या पंख्याने तांदूळ १५-१६ टक्क्यांच्या खाली उतरायला तयार होत नाही. उघाडीचा दिवस गाठा, नाहीतर गिरणीच्या ड्रायरची सोय लेखी परवानगीने करा. १४ टक्क्यांच्या वर परत पोत्यात भरू नका.

तिसऱ्या ढिगात बुरशी, आंबूस वास, गोळे, पिवळे-काळे दाणे. या ढिगाबद्दल हिशेबच करायचा नाही. ‘धुऊन, चोळून, नीट शिजवलं तर चालतं’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवण्याच्या तापमानाला टिकतं. अन्न सुरक्षा नियमांत धान्यासाठी त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. तो तांदूळ मुलांच्या ताटात गेला तर प्रश्न वसुलीचा राहत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५९ खाली असुरक्षित अन्नाचा खटला उभा राहतो, आणि तो स्वयंपाकगृह चालवणाऱ्यावर. तांदूळ कोणी दिला होता हा बचाव फारसा चालत नाही.

दुसऱ्या ढिगातला वाळवलेला तांदूळसुद्धा कार्यालयाच्या लेखी होकारानंतरच भट्टीवर चढवा. चांगल्या पोत्यांत थोडा-थोडा मिसळून संपवायचा मोह होतो. तसं केलंत तर पुरावाही गेला आणि चांगला साठाही गेला. तुमचा विकतचा तांदूळ शासनाच्या तांदळात परवानगीविना मिसळला तर करार अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे वेगळं करता न येणाऱ्या मालाची भरपाई द्यावी लागते, ते आणखी वेगळं.

खराब ढीग फेकू नका, कोणाला गुरांसाठी देऊ नका, विकू तर अजिबात नका. तो सडला तरी शासनाचाच आहे. भंगाराच्या भावाने विकला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ (विश्वासघात) समोर येतं. कुजका माल कोरड्या साठ्यापासून दूर, ‘वापरास अयोग्य’ अशी पाटी लावून, सीलबंद ठेवा आणि विल्हेवाटीचे आदेश मागा. सरकारी गोदामांत खराब धान्याची प्रत ठरवून ते पशुखाद्य, औद्योगिक वापर, खत किंवा पुरून टाकणे अशा क्रमाने जातं. तो निर्णय तुमचा नाही. नष्ट करायचा आदेश आला तर वजन, जागा, वेळ आणि साक्षीदारांच्या सह्यांसह दुसरा पंचनामा. भांडेवाडीला कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळं होणं म्हणजे ११०० किलो धान्य ‘गायब’ झाल्याचा दाखला स्वतःच देणं.

मुलांचं जेवण मात्र थांबू द्यायचं नाही. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धरून पूर्ण हजेरीला तुमचा रोजचा तांदूळ ८० अधिक ६० म्हणजे १४० किलो. उरलेली ३८ पोती, १९०० किलो, साधारण साडेतेरा दिवस पुरतील. हा आकडा पत्रात लिहा आणि तेवढे दिवस संपण्याआधी नवा पुरवठा मागा. असा आकडा लिहिलेलं पत्र फायलीत दबत नाही.

गाडीतून ओली आलेली ७ पोती

ही सगळ्यात कठीण बाब, कारण सही तुमच्या विरोधात आहे. वाहतूकदाराची जबाबदारी तुमच्या पोचपावतीपर्यंत. ‘माल बरोबर’ लिहिलं तिथे ताबा बदलला. तरी ती सही म्हणजे पुरावा, अंतिम निकाल नव्हे. दुसऱ्या पुराव्याने ती खोडता येते.

पोती स्वतः बरंच बोलतात. छताच्या पाण्याने भिजलेलं पोतं वरून ताजं ओलं असतं. आधी भिजून अर्धवट वाळलेल्या पोत्यावर मात्र पिवळट-तपकिरी कडांचे डाग असतात, आत तागाला चिकटलेली तांदळाची पापडी असते आणि बुरशी बाकीच्यांपेक्षा जुनी दिसते. पंचनाम्यात हे शब्दशः येऊ द्या. ती सात पोती थप्पीत कुठे होती? गळतीच्या जागेपासून लांब असतील तर खोलीचा नकाशा काढून अंतर लिहा. त्याच दिवशी त्याच गाडीने आणखी कोणाला माल दिला, त्यांच्या पावतीवर शेरा आहे का, हे विचारा. त्या दिवशीचा एखादा फोटो, हमालाचा मेसेज, गाडीची फाटकी ताडपत्री, जे असेल ते. आणि कृपा करून आता मागच्या तारखेचा शेरा तुमच्या प्रतीवर लिहू नका. वाहतूकदाराकडच्या दुसऱ्या प्रतीवर तो शेरा नाही. दोन्ही समोरासमोर आल्या की तुमचा बाकीचा खरेपणाही संपला.

पुढच्या गाडीपासून शेरा असा हवा, दोन्ही प्रतींवर, सहीच्या वर: ‘५० पैकी ४३ पोती चांगली मिळाली. ७ पोती ओली, ओलावा अंदाजे __ टक्के, वेगळी ठेवली, स्वीकारलेली नाहीत. गाडीची ताडपत्री मागील बाजूस फाटलेली. वेळ __.’ चालक शेरा लिहू देत नसेल तर गाडी उभी असतानाच क्रमांकपट्टीसह फोटो कार्यालयाला पाठवा. रिकाम्या तागी पोत्याचं वजन ५८० ग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा कोरडं पोतं काट्यावर ५०.५८ च्या जवळ दिसायला हवं. ५३ दिसलं तर खूश होऊ नका. काटा बंद असेल त्या दिवशी भरलेली आणि रिकामी गाडी धर्मकाट्यावर तोलून घ्या.

छताखालची १५ पोती

इमारत शासनाची, म्हणजे दुरुस्ती त्यांची, हे बरोबर. पण कलम १५१ तिथे तुम्हाला विचारतं: गळतं हे कधी कळलं आणि कळल्यावर काय केलं? मेच्या शेवटी छताची पाहणी करून ‘पश्चिमेच्या भिंतीलगत जुना डाग आहे, पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती व्हावी’ असं पत्र दिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. पत्र नसलं तरी तोंडी तक्रारीची तारीख, आधीच्या भेटीचा शेरा, भेट नोंदवहीतली ओळ शोधा. शोधल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

मग थप्पी कशी होती ते बघितलं जाईल. पोती फळ्यांवर किंवा प्लास्टिक पॅलेटवर, जमिनीपासून चार-सहा इंच उंच, भिंतीपासून दोन फूट, वरून पॉलिथिन. ६० पोत्यांच्या खोलीत पाच पोत्यांचा थर आणि सहा थर अशा दोन थप्प्या पुरतात. एक थर उभा, एक आडवा, शिवलेली तोंडं आतल्या बाजूला. जुनं आधी, नवं नंतर. थप्पीला कार्ड: आवक तारीख, पोती, रोजची जावक, ओलावा. हे सगळं होतं आणि तरी वरून धार लागली, तर १५ पोत्यांची वसुली टिकणं अवघड. पोती भिंतीला टेकलेली आणि थेट फरशीवर होती, तर तळाच्या थराची जबाबदारी मान्य करा आणि वरच्या थराची नाकारा. पोतंनिहाय तक्त्यात ओल ‘वरून’ की ‘तळातून’ हा रकाना ठेवला तो यासाठीच. अंशतः मान्य करणारा खुलासा सगळं झटकणाऱ्यापेक्षा जास्त वजनदार ठरतो.

‘दैवी आपत्ती’ हा शब्द जपून वापरा. जुलैत नागपुरात जोराचा पाऊस ही अपेक्षित गोष्ट आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तसं काही असेल तर तो मुद्दा उभा राहतो. छताच्या भेगेतून आलेल्या धारेला तो लावला तर बाकीचा खुलासाही हलका वाटतो.

वसुलीचा आकडा

किती किलो आणि कोणत्या दराने, हे नोटिशीत आहे का? २२ पोती म्हणजे सरसकट ११०० किलो धरले असतील तर पंचनाम्यानंतरचा वापरायोग्य तांदूळ वजा करायला सांगा. दर करारात लिहिलेला आहे, बाजारभाव आहे की शासनाला पडणारा खर्च, याचा आधार लेखी मागा. दुप्पट-तिप्पट दंडाची अट असली तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे ती रक्कम कमाल मर्यादा असते आणि त्याआत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आणखी एक: कराराचा भंग झालाच नाही असं तुम्ही म्हणत असाल तर भंग झाला की नाही हे ठरवायचा अधिकार करारातल्याच एका पक्षाला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध श्री रामेश्वर राइस मिल्स या प्रकरणात हे सांगितलंय. म्हणून खुलाशात ‘भंग अमान्य’ हे दोन शब्द स्पष्ट लिहा. नुसती दयेची विनंती केली तर भंग कबूल केल्यासारखं होतं. देयकातून परस्पर कपात झाली तर ‘हरकत राखून’ असं लिहूनच उरलेली रक्कम स्वीकारा आणि करारातल्या लवादाच्या किंवा अपिलाच्या मुदतीवर डोळा ठेवा.

काटा

हा सोपा. ओल शिरली की लोडसेल (वजन टिपणारा भाग) किंवा जोडणीचा डबा बिघडतो, आकडा स्थिर राहत नाही. तंत्रज्ञाकडून कारण लेखी घ्या. पाण्याने धुतल्यामुळे बिघडला असेल तर दुरुस्ती तुमची. झीज किंवा जुना दोष असेल तर नाही. वस्तू देणाऱ्याला माहीत असलेला दोष त्याने सांगायला हवा होता, हे करार अधिनियमाच्या कलम १५० मध्ये आहे. दुरुस्तीनंतर वैधमापन विभागाचा शिक्का पुन्हा घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी एरवीही दरवर्षी लागते. मुदत संपलेल्या शिक्क्याच्या काट्यावर केलेली तुटीची नोंद पहिल्याच सुनावणीत उडते.

पातेली

इथे तुमची बाजू कमजोर आहे. वस्तू हरवली की काळजीचा पुरावा काय देणार? तरी भरण्याआधी ताबा-यादी आणि कार्यालयाची जडसंग्रह नोंदवही (टिकाऊ वस्तूंची नोंद) मागून ताडून बघा. ‘पातेली मोठी, नग १२’ एवढंच लिहिलं असेल तर कुठली तीन गेली हे त्यांनाही सांगता येणार नाही. शाळांकडे जेवणासोबत गेलेली भांडी तिथेच राहतात, हे नेहमीचं. सगळ्या शाळांत एकदा फिरून या. खरंच नसतील तर घसारा वजा करून रक्कम ठरवायची मागणी करा. पाच वर्षं भट्टीवर चढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला नव्याचा भाव लावता येत नाही, आणि त्याचं वजनही आता मूळच्याइतकं नसतं.

उरलेल्या पातेल्यांवर या आठवड्यातच इतवारीतल्या भांडेवाल्याकडून नावं टाकून घ्या, लग्नाच्या भांड्यांवर टाकतात तशी: योजनेचं नाव, क्रमांक, वजन. शाळेनिहाय देवाणघेवाण वही ठेवा. सकाळी गेलेले क्रमांक आणि दुपारी परत आलेले क्रमांक. रिकाम्या पोत्यांचीही तीच गत. १४० किलोच्या हिशेबाने रोज जवळपास तीन पोती रिकामी होतात, करारात बारदाना शासनाचा असेल तर वर्षाअखेरी काही शेकडा पोत्यांचा हिशेब मागितला जाईल.

गटाचा विमा असेल तर पॉलिसी आजच उघडा. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याचा, ताब्यात ठेवलेला माल वेगळा नमूद केल्याशिवाय धरत नाहीत, आणि छतातून झिरपलेल्या पाण्यावर विमा कंपनी वाद घालते. तरी सूचना लगेच द्या. सर्वेक्षक येण्याआधी तांदूळ वाळायला घालायचा असेल तर तसं कळवून, पंचनाम्याची प्रत जोडून घाला.